गालातली नस आणि माझा प्रबंध

ॲनाटॉमीत एम.डी. करताना तीन वर्षं मी एकच काम केलं. मढ्यांच्या कवटीत वाकून ट्रायजेमिनल नावाच्या नसेची गाठ मोजली. गाठ केवढी, तर वालाच्या दाण्याएवढी. तिला तीन फांद्या: एक कपाळाकडे, एक गालाकडे, एक खालच्या जबड्याकडे. चेहऱ्याला कुणी नुसतं बोट लावलं तरी मेंदूकडे चुगली करणाऱ्या त्या याच. त्यांची लांबी, रुंदी, जाडी, सगळं कॅलिपर लावून मिलिमीटरच्या दशांशापर्यंत मोजायचं. आकडा पुस्तकाशी जुळला नाही, की आमचे सर चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, बॉडीच चुकीची असेल. स्वतः सरांनी कधी सुरी हातात धरल्याचं कॉलेजात कुणाला आठवत नव्हतं.

त्याच काळात चौलहून आईचे फोन यायचे. आमची नारळ-सुपारीची वाडी ती एकटीच बघते. म्हणायची, तोंडावर पाणी मारलं की उजव्या गालात वीज कडाडते, क्षणात जाते, परत येते. हातात कॅलिपर, फोन खांद्यात अडकवलेला, मी सांगायचे, दात दाखवून घे. दातांच्या डॉक्टरांनी वरची एक दाढ काढली. दुखणं जैसे थे. दुसरी काढली. मग मी मिठाच्या गुळण्या करायला सांगितलं. एवढी शिकून काय अक्कल पाजळली मी!

प्रबंध मंजूर झाला. काळा पुठ्ठा, सोनेरी अक्षरं. घरी नेला तर आईने तो देव्हाऱ्यापुढे ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं. शेजारणीला सांगितलं, लेकीने डोक्यातलं काहीतरी शोधून काढलंय. शोधलं कसलं डोंबल, नुसतं मोजलं होतं. मग पदराला हात पुसून ती पानं उलटायला बसली आणि एका चित्रापाशी थांबली. त्यात चेहऱ्याचे तीन भाग तीन रंगांत दाखवले होते. तिने मधल्या भागावर बोट ठेवलं.

"माझं दुखतं ते बरोब्बर इथे. ही रेघसुद्धा ओलांडत नाही."

तिसरी दाढ गुरुवारी काढायची ठरली होती. मी आधी दातांच्या डॉक्टरांना फोन करून ते रद्द केलं. मग तिला सांगितलं, दातांचा काही संबंध नाही, दुखतेय ती ही नस, त्यावर गोळ्या असतात.

आईने चित्रावरचं बोट न उचलता विचारलं.

"ही नस तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"तीन वर्षं. मढ्यांमध्ये तीच तर मोजत होते."

"मला दोन," आई म्हणाली. "आणि मी तर बोलत होते, बाय."