बाराव्या हशाला

रविवारी दुपारी मुलगी मला तिच्या लाडक्या दिग्दर्शकाच्या अचकटविचकट सिनेमाला घेऊन गेली. चाहते प्रत्येक शिवी पडद्यावरच्या पात्राआधीच, एका सुरात देत होते. मी मोजत होतो. मुलगी अकरा वेळा पोट धरून हसली.

“बाबा, आता बघ हं, म्हातारा कसा पडतो!”

पडद्यावर तिरडीवरून नायकाचा बाप घसरला. सगळं थिएटर शिट्ट्या वाजवत उभं राहिलं. माझ्या अँजिओप्लास्टीला अजून महिनाही झाला नव्हता. या पोरांना मरणाची भीती नाही, की आमची फिकीरच नाही?

धास्तावून शेजारी पाहिलं. मुलगी हसत नव्हती, पण ओठ हलत होते. संवाद म्हणत असेल, असं वाटलं. मग मनगटावर तिची बोटं जाणवली. ती माझे ठोके मोजत होती.