पडताळणीला उभी राहिलेली बाई

या प्रकरणात गुन्हा दाखल झाला नाही, अटक झाली नाही, कोर्टात कागद गेला नाही. तरी नोकरीतलं कुठलं प्रकरण आठवतं असं कोणी विचारलं तर मला आधी हेच आठवतं. खुनाचे तपास केले, दरोड्याचे केले, त्यातली नावं आता नीट सांगता येत नाहीत. या बाईचं सगळं सांगता येतं, साडीच्या रंगापर्यंत. नाव मात्र सांगणार नाही. तिची गोष्ट एकदा माझ्या तोंडून नको तिथं गेलेली आहे.

मी सातवी शिकून शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार होऊन निवृत्त झालो. शिकलेले अधिकारी आले नि गेले, पण माणूस ओळखायचा असला की मलाच हाक मारायचे. त्याचा मला अभिमान होता आणि आजही आहे. माझी पद्धत साधी. समोरच्याला बसवायचं, चहा सांगायचा आणि आपण गप्प राहायचं. सरळ माणूस पाच मिनिटांत पाठ टेकतो. मनात काही असलं तर काठावर बसतो, आणि फारच असलं तर बसतच नाही. या एका खुणेवर मी कितीतरी चोर उघडे पाडलेत.

तेव्हा मी कोपरगाव तालुक्यात नेमणुकीला होतो. पासपोर्टच्या पडताळणीचं काम माझ्याकडे होतं. अर्जदाराचा पत्ता, ओळख, मागचं रेकॉर्ड बघायचं आणि अहवाल पाठवायचा. कोणाचा मुलगा शिकायला जातो, कोणाचे आईबाप लेकाकडे जातात. कंटाळवाणं काम.

एकदा सकाळची हजेरी झाली आणि पुणतांब्याकडचा एक शेतकरी आत आला. चाळिशीचा, टोपी हातात.

"साहेब, माझं नाव कुठं येऊ देऊ नका. पन माझ्या बहिनीला कोनतरी फॉरेनला न्यायला लागलंय."

"लग्नाचं आमिष?"

"न्हाई वो. लग्नाचं वय गेलं तिचं. किडनी काढनार हायत."

"तुला कोणी सांगितलं?"

"तिचा मोबाईल बघितला म्या. पोटाचं ऑपरेशन, आठ दिवस, विमान, हॉटेल, समदं आमच्याकडं, आसं लिवलंय. आता तुमीच सांगा, तिचं पोटबी दुखत न्हाई. मंग पोट फाडायचं कशाला?"

त्याचं म्हणणं मला पटलं. बहीण कोपरगावात एकटी राहायची, शिवणकामाचं दुकान चालवायची, चार बायका हाताखाली होत्या. पासपोर्टच्या अर्जांत तिचा अर्ज होताच. मी त्याला म्हणालो, "समोर चहाच्या टपरीवर बस. दुपारच्या आत छडा लावतो." तशी वेळ सांगायला नको होती. एकदा सांगितली की ती पाळायचा हट्ट चढतो.

बाईचा जबाब घ्यायचा तर तिच्या राहत्या घरी जाऊन, महिला कर्मचारी बरोबर नेऊन घ्यायचा असतो. तिला ठाण्यात बोलवायचं नसतं. हा नियम मला पाठ होता. मी फोन करून सांगितलं, "पासपोर्टच्या पडताळणीला कागद घेऊन ठाण्यात या." म्हणजे जबाब नाही, पडताळणी. नियमाला पळवाट कशी काढायची हे आरोपीपेक्षा आम्हाला जास्त कळतं.

अकराच्या सुमारास ती रिक्षातून उतरली. वय सदतीस. अंगाने एवढी की रिक्षा एका बाजूला कलली होती, ती उतरल्यावर सरळ झाली. ठाणे अंमलदाराने माझ्याकडे बघून भुवई उडवली आणि मी हसलो. लिहायचंच आहे तर तेही लिहितो.

माझ्या टेबलापुढे हातांची प्लास्टिकची खुर्ची होती.

"बसा ताई."

"नको साहेब. उभी राहते."

"अहो बसा, वेळ लागणार आहे."

"लागू द्या. मी उभीच बरी."

झालं. मला खूण मिळाली. मी चहा सांगितला आणि गप्प बसलो. ती उभी. एका पायावरचा भार दुसऱ्यावर, दुसऱ्यावरचा पहिल्यावर, एक हात टेबलाच्या कडेला. पंख्याखाली घाम. पर्स पोटाशी घट्ट धरलेली. मी आधार कार्ड उलटंसुलटं करत राहिलो, मग एकेक प्रश्न सोडला.

"कुठं चाललात?"

"थायलंडला. फिरायला."

"कोणाबरोबर?"

"अजून ठरलं नाही."

"नेणारा माणूस कोण?"

"कसला नेणारा?"

"ज्याचे मेसेज येतात तो."

तिचा चेहरा उतरला. "भाऊ येऊन गेला का?"

"आम्हाला सगळं कळतं," मी म्हणालो. यानंतर ती बोलेनाशी झाली. दीड तास तिला मी तसंच उभं ठेवलं. मनात म्हणत होतो, हिला पळून जायचंय, किंवा कोणाला तरी वाचवायचंय. उगाच नाही बसत.

तेवढ्यात आमची महिला हवालदार कोर्टाची ड्युटी संपवून आली. दोन लेकरांची आई, बोलायला फटकळ. तिने दारातून पाहिलं आणि मला बाहेर बोलावलं.

"दादा, त्या बाईंना उभं का ठेवलंय?"

"मी कुठं ठेवलंय? दहा वेळा बसा म्हणालो. बसत नाही. काहीतरी आहे पोटात तिच्या."

"पोटात काही नाही. त्या खुर्चीत त्या मावत नाहीत. हातांत अडकल्या, नाहीतर खुर्ची मोडली, तर अख्खं ठाणं हसेल, म्हणून उभ्या आहेत. पाय बघा की त्यांचे, सुजलेत."

"मला वाटलं..."

"तुम्हाला काय वाटलं ते दिसलं मला."

तिने मुद्देमालाच्या खोलीबाहेरचं लाकडी बाकडं ओढून आणलं, पाण्याचा तांब्या दिला आणि त्या बाईशेजारी स्वतः बसली. बाईने बसताना डोळे मिटून घेतले. गुडघ्याची कळ होती ती. मी चौतीस वर्षं माणसं ओळखत होतो आणि मला ती ओळखता आली नाही.

मग ती बोलायला लागली, माझ्याकडे न बघता, हवालदारबाईकडे बघून. "वजन कमी करायच्या ऑपरेशनची चौकशी करत होते ताई. जठर लहान करतात ते. शुगर आहे, बीपी आहे, गुडघे गेलेत. झोपेत श्वास अडकतो. सगळं करून पाहिलं. एक वेळ जेवले, वर्षभर चालले, काढे प्यायले. दहा किलो उतरतं आणि पंधरा चढतं. सगळ्या गावाच्या ब्लाऊजची मापं घेते मी. माझं माप मी कोणाला घेऊ देत नाही."

"मग हे घरी सांगायचं सोडून फिरायला कशाला म्हणता?" मी मध्येच बोललो.

"साहेब, जाडी कमी करायला पोट कापते म्हटलं तर तुम्ही काय म्हणाला असता?"

मी काय म्हणालो असतो ते तिला माहीत होतं.

मी एजंटचा नंबर मागितला आणि मोबाईल स्पीकरवर टाकून स्वतः लावला. गिऱ्हाईक म्हणून बोललो. पलीकडचा माणूस गोड. माझं वजन विचारलं. ब्याऐंशी सांगितलं.

"होऊन जाईल काका. पासपोर्ट पाठवा फक्त."

"मला ऑपरेशनची गरज आहे का ते कोण ठरवणार?"

"तिकडे डॉक्टर बघतील ना."

"आणि परत आल्यावर टाका उसवला, पोट दुखलं, तर बघणार कोण?"

"काका, चांगलं बोला की. सहलीला आल्यासारखं या."

मी फोन बंद केला आणि विजयी मुद्रेने तिच्याकडे पाहिलं. "कळलं का आता? तपासण्या न बघता मला कापायला निघालाय हा. माझ्यामुळे वाचलात."

तिने पर्समधून मापाची वही काढली आणि शेवटचं पान माझ्यापुढे धरलं. बारीक, टापटीप अक्षर. मी आत्ता विचारलं ते सगळं तिथं लिहिलेलं होतं, माझ्यापेक्षा नीट. ऑपरेशनआधी तपासण्या कोण करणार, परत विमानात किती दिवसांनी बसायचं, नंतर वर्षानुवर्षं तपासायला कुठं जायचं, जन्मभर गोळ्या लागतात त्या कोण लिहून देणार. खाली रेघ मारून लिहिलं होतं, 'उत्तर नाही. जायचं नाही.'

"तीन आठवड्यांपूर्वीच रद्द केलं मी," ती म्हणाली. "पासपोर्टचा अर्ज आधी गेलेला, म्हटलं निघतोय तर निघू दे, म्हणून तुम्हाला फिरायला सांगितलं. नगरला डॉक्टर बघितलेत. ते म्हणाले, आधी सगळ्या तपासण्या, तीन महिने खाणं सांभाळून दाखवा, मग इथंच करू. पुढच्या सोमवारी बोलावलंय. दुकानातली एक बाई येणार आहे बरोबर. घरी झाल्यावर सांगणार होते. साहेब, भावाला एवढं सांगू नका. एजंट खोटा होता, जाणार नाही, एवढंच सांगा."

इथं तपास संपला होता. सही घेऊन तिला रिक्षात बसवून दिलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती. पण समोर टपरीवर भाऊ बसला होता, त्याला मी दुपारची वेळ दिली होती, आणि बारा केव्हाच वाजून गेले होते. छडा लावला हे कोणाला तरी सांगायचं होतं मला. मी त्याला आत घेतलं आणि ठाण्यातल्या चारचौघांसमोर सगळं सांगितलं. थायलंड सांगितलं, नगर सांगितलं, सोमवारही सांगितला.

भाऊ बहिणीवर खेकसला, "चरबी उतरवायला पोट कापती व्हय? आईला काय तोंड दावू?"

मी वर अधिकाराने म्हणालो, "कमी खा, जास्त चाला. देवाने दिलेलं शरीर कापायचं नसतं." आणि कागद घेतला. माझ्या हाताने लिहिलं की बहिणीस ताब्यात घेत आहे, यापुढे तिला परदेशी अगर कोठेही अशा शस्त्रक्रियेस जाऊ देणार नाही. भावाने सही केली. मी ठाण्याचा शिक्का मारला.

"मला कोणाच्या ताब्यात देताय?" बाई म्हणाली. "सदतीस वर्षांची आहे मी."

"तुमच्या भल्यासाठीच आहे," मी म्हणालो. हवालदारबाई उठून बाहेर गेली. चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

एजंटची माहिती वर कळवली. त्याचा फोन पुढे बंद झाला. साहेबांनी माझी पाठ थोपटली. एका महिलेला फसवणुकीतून वाचवलं म्हणून महिन्याच्या बैठकीत माझं कौतुक झालं आणि मी ते मान ताठ ठेवून ऐकलं.

निवृत्तीनंतर एका लग्नात हवालदारबाई भेटली. मी सहज त्या बाईचं विचारलं. ती म्हणाली, "तुम्हाला माहीत नाही? दुकान बंद झालं. गावी भावाकडे असतात. त्या सोमवारी नगरला गेल्याच नाहीत. भाऊ तो कागद दाखवतो सगळ्यांना, पोलिसांनी लिहून घेतलंय म्हणून."

महिनाभर मी जाऊ की नको करत राहिलो. कोणाच्या दारात चूक कबूल करायला मी आयुष्यात गेलो नव्हतो. शेवटी एका सकाळी एसटीने गेलो. ती पडवीत खाटेवर बसून हाताने काजं करत होती. उठता येत नव्हतं. मला लगेच ओळखलं. "या साहेब," म्हणाली. भावजयीला चहा ठेवायला सांगितला.

"तुम्ही मला वाचवलं असं भाऊ गावभर सांगतो," ती म्हणाली. "मी आधीच वाचले होते."

मी म्हणालो, "तो कागद. त्याला कायद्यात काडीची किंमत नाही. सज्ञान बाईला कोणी असं कोणाच्या ताब्यात देऊ शकत नाही. मला तेव्हाही माहीत होतं."

सुई थांबली. "म्हणजे मी सोमवारी जाऊ शकत होते?"

"हो."

"अटक नसती झाली? भावालाही नाही?"

"नाही."

ती अंगणाकडे बघत म्हणाली, "मला वाटलं भावाला आत टाकतील. सही त्याची होती. म्हणून नाही गेले." मग सुई पुन्हा चालू झाली. "आता डॉक्टर म्हणतात हृदय कमजोर झालंय. भूल द्यायची तर आधी ते सावरायला पाहिजे. सावरेल असं ते म्हणत नाहीत."

भाऊ शेतातून आला. मी त्याच्यापुढे ते सगळं पुन्हा बोललो, कागद खोटा होता, चूक माझी होती. माफ करा एवढं मात्र म्हणालो नाही. भाऊ मला म्हणाला, "साहेब, शिक्का तर खरा हुता ना?" त्यात राग नव्हता. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं.

तपासात प्रश्न कसे विचारायचे हे मी कितीतरी नव्या शिपायांना शिकवलं. त्या दिवशी मी तिला कुठं, कोणाबरोबर, कशासाठी, सगळं विचारलं. तिने काय ठरवलंय, हे मी विचारलं नाही. ते तिने वहीतून स्वतःहून दाखवलं, आणि वाचूनही मी माझंच ठरवलं.