आवाजाची फिर्याद

परभणी जिल्ह्यातल्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेलेत. ही फिर्याद मात्र जशीच्या तशी समोर उभी राहते. नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. बंदोबस्त करून करून ठाण्यातली माणसं पार दमली होती. अशात ताडकळसच्या बाजाराच्या दिवशी एक म्हातारी थेट माझ्या टेबलापुढे उभी राहिली.

"साहेब, माझ्या सुनंचा आवाज चोरीला गेलाय. लिवून घ्या."

हवालदार फिसकन हसला. "आजी, कोणत्या कलमाखाली लिहू?"

"ते तुमी बघा. पगार कशाचा घ्यायलाव?"

हवालदाराचं हसू जागच्या जागी जिरलं. मी म्हातारीला बसवलं, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

मुलगा ऊसतोडीला गेलेला. सुनेला दिवस गेलेले, म्हणून ती घरी राहिली. दोघांनाही लिहिता-वाचता येत नव्हतं. पत्र धाडायचं तर लिहिणारा एक, वाचून दाखवणारा दुसरा. नवरा-बायकोचं बोलणं परक्यांच्या तोंडून जाणार. म्हणून सुनेने भावाचा टेप आणला, दार लावून घेतलं आणि कोऱ्या कॅसेटमध्ये नवऱ्याशी मनातलं बोलली. टोळीतल्या एका माणसाबरोबर कॅसेट नवऱ्याला पोचली. मला तर पोरीचं कौतुकच वाटलं.

"आन् आता तीच कॅसेट बाजारात चहाच्या हाटेलात वाजवायलेत," म्हातारी म्हणाली. "तिनं त्यात नवऱ्याला नावानं हाक मारलीया. आमच्यात कुणी घेतंय का नवऱ्याचं नाव? आता हापशावर गेली की टवाळ पोरं बारीक आवाज काढून तेच नाव घ्यायलेत. तिला वाटतंय, नवऱ्यानंच टोळीत वाजवून तमाशा केला. बोलायचीच बंद झाली साहेब. लय गुणाची पोर हाय. गठुडं बांधून दारात बसलीया. पोटुशी बाई, कुठं विहीरबिहीर जवळ केली तर?"

मी लगेच हॉटेल गाठलं. चहावाला म्हणाला, कॅसेट एस.टी. स्टँडजवळच्या गाणी भरून देणाऱ्या दुकानदाराने गंमत म्हणून दिली. दुकानदाराला ठाण्यात आणला. एक गोष्ट नोकरीत शिकलो होतो. खोटं बोलणाऱ्याला न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची फार घाई असते. मी नाव-गाव विचारलं, तर हा आपण किती देवभोळे आहोत ते सांगू लागला. मी नुसता त्याच्याकडे बघत बसलो. थोड्या वेळाने रडायलाच लागला.

"चोरली न्हाई साहेब! संक्रांतीला तिचा नवराच आला व्हता, नक्कल करून दे म्हणून. भरता भरता ऐकली, मजा वाटली. आणखी दोन-चार भरल्या."

कॅसेटी जप्त केल्या. ओळख पटवायला म्हातारीलाच आतल्या खोलीत टेप लावून दिला, आणि मी व्हरांड्यात थांबलो. आमच्या मंडळींचे कान टवकारलेले होतेच. "साहेब, पुरावा आहे, एकदा ऐकायला पाहिजे," एकजण म्हणाला. त्याला असा झापला की तो पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेला.

बिनतारी संदेश धाडून नवऱ्याला बोलावून घेतलं. हवालदाराचं मत पक्कं होतं. नवराच चोर. मी सासू-सुनेला समोर बसवूनच त्याला विचारलं, "कॅसेट दुकानात तूच दिलीस?"

"व्हय साहेब."

सुनेची मान आणखी खाली गेली.

"कशाला?"

"एकच व्हती. रोज ऐकून ऐकून खरखर यायली व्हती. तुटली तर काय करू? बी कधी एका मडक्यात ठिवत न्हाईत साहेब. एकाला कीड लागली तरी दुसरं ऱ्हातंय. म्हणून आणखी एक करून घेतली."

"टोळीत वाजवलीस?"

"आईची आण! मुकादमाचा टेप मागून घ्यायचो आन् उसाच्या आड एकलाच ऐकायचो."

मग सुनेने मान वर केली. "जेवलाव का?" तिने नवऱ्याला विचारलं.

म्हातारीने पदर डोळ्यांना लावला. मलाही भरून आलं. खाकी घातली म्हणून माणूस दगडाचा होत नाही.

दुकानदारावर बाईच्या अब्रूला धक्का लावल्याचं कलम पाचशे नऊ सरळ लागत होतं. पण मला पोरीला खरं सांगणं भाग होतं. खटला उभा राहिला तर कॅसेट कोर्टात वाजणार. वकील ऐकणार, कारकून ऐकणार, मागे बसलेले रिकामटेकडेही ऐकणार.

"मग नगं," ती म्हणाली.

फार चडफडलो. पण तिचा आवाज, तिचा निर्णय. दुकानदाराला तिच्यासमोर बसवून, आवाज बंद ठेवून, एकेक नक्कल पुसायला लावली. त्याने हात जोडून तिची माफी मागितली. नवऱ्याजवळची मूळ कॅसेट तिच्या हातात दिली.

"सगळ्या पुसल्या का साहेब?" तिने विचारलं.

खोटं बोलवेना. एक नक्कल कुणा ट्रकवाल्याने नेली होती, आणि त्याचा पत्ता लागत नव्हता. चोरीची सायकल सापडली की धन्याला परत करता येते. हे कसं परत करणार? मी तसंच सांगितलं.

ती हळूच म्हणाली, "तुमी ऐकली का?"

"नाही बाई. मी ऐकली नाही."

तिने पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. मग डोक्यावरचा पदर सारखा केला, सोबत आणलेलं गठुडं नवऱ्याकडे दिलं आणि तिघं आपल्या गावच्या एस.टी.कडे निघून गेली.

आता खिशाखिशात फोन आहे. कुणा पोरीची फजिती, कुणाच्या घरातलं भांडण, सगळं आपोआप येऊन पडतं. मी उघडत नाही. नात चिडवते, "आजोबा, सगळ्या जगानं पाहिलंय, तुमच्या एकट्याच्या न पाहण्यानं काय होणारे?"

मी तिला म्हणतो, "बाळा, उद्या ती पोर समोर येऊन विचारेल, तुम्ही पाहिलं का? तेव्हा नाही म्हणणारा कुणीतरी पाहिजे ना!"