कोपरच्या चर्चमध्ये सुधीर उभा राहिला

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी आम्ही दोघं नवरा-बायको कोपरला चर्चमध्ये गेलो होतो. खालच्या मजल्यावरच्या साळवे मावशींच्या नातीचा बाप्तिस्मा होता. मावशींनी आठवडाभर मला जिन्यात गाठून बजावलं होतं की नुसतं जेवायला यायचं नाही, उपासनेला यायचं... जेवण मग आहेच.

सुधीर तयार नव्हता. दीडेक वर्षापूर्वी त्याला स्ट्रोक आला. हातपाय सावरले, पण बोलणं अडकलं. डोक्यात शब्द असतो, तोंडापर्यंत येताना कुठेतरी थांबतो.

जे सुधीरला ओळखतात त्यांना वेगळं सांगायला नको. सोसायटीच्या गणपतीत माईक एकदा याच्या हातात गेला की आरतीला उशीर ठरलेला! असा माणूस दाराची बेल वाजली की आतल्या खोलीत जायला लागला. फोन तर उचलायचाच नाही. वर्तकनगरच्या स्पीच थेरपिस्ट मॅडम सांगून थकल्या की शब्द येतायत, आता चार माणसांत बोला. तेवढंच तो करत नव्हता. मला खरंच भीती वाटायला लागली होती, की हा असाच हळूहळू कायमचा गप्प होणार.

चर्च म्हणजे उंच मनोरा आणि रंगीत काचा वगैरे डोळ्यांसमोर आणू नका. जुन्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पेटी, एक ढोलकी. दाराशी ‘आमची मूल्ये’ असा बोर्ड... प्रेम, प्रार्थना, सेवा, पाहुणचार. मला जरा हसूच आलं. घोडबंदर रोडला आमच्या ऑफिसातही लिफ्टशेजारी असेच ‘कोअर व्हॅल्यूज’ लावलेत, आणि त्याच लिफ्टचं दार कोणी कोणासाठी धरत नाही.

आम्ही मागच्या ओळीत बसलो. बाप्तिस्मा झाला, पाणी डोक्यावर पडताच बाळाने हॉल दणाणून सोडला. मग गाणं झालं, चाल थेट आपल्या भजनाची. मी टाळ्या वाजवायला लागले तेव्हा सुधीरने माझ्याकडे असं पाहिलं, की मी हात मांडीवर ठेवले.

मग तिथल्या पाळकांनी, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंनी, सांगितलं की ज्यांना कोणासाठी प्रार्थना हवी असेल त्यांनी नाव घ्यावं. बसल्या जागेवरून एकेक नाव यायला लागलं. कोणाची सून बाळंतपणाची, कोणाच्या मुलाची नोकरी गेलेली...

आणि पुढच्या ओळीतून साळवे मावशींचा आवाज आला, "आमच्या वरच्या मजल्यावरचे सुधीर. त्यांची वाचा मोकळी होऊ दे."

सगळा हॉल आमेन म्हणाला. अगदी सवयीने, ओळखीच्या माणसाचं नाव आल्यासारखा. माझ्या शेजारच्या बाई वळून हळूच विचारायला लागल्या की हेच का ते सुधीर, आम्ही दर रविवारी नाव ऐकतो यांचं.

तेव्हा कुठे मला आठवलं. सुधीर हॉस्पिटलमध्ये असताना मावशींनी प्रार्थनेत नाव घेऊ का म्हणून विचारलं होतं आणि मी घाईघाईत "हो, घ्या की" म्हटलं होतं. नंतर मी साफ विसरून गेले. मावशी विसरल्या नव्हत्या, आणि जिन्यात रोज भेटूनही त्याबद्दल एक अवाक्षर बोलल्या नव्हत्या.

त्यांच्यात एक पद्धत आहे. कोणाला आराम पडला तर तो माणूस उभा राहून स्वतः सांगतो, त्याला साक्ष देणं म्हणतात. आज कोणाला सांगायचंय का, असं पाळकांनी विचारलं. मी सुधीरच्या वतीने आभार मानायला पर्स बाजूला ठेवतेय... तोवर सुधीरच उभा राहिला.

पर्स माझ्या हातातच राहिली.

"मी... सुधीर," तो म्हणाला आणि अडकला.

एरवी अशा वेळी काय होतं ते मला पाठ आहे. समोरचा घाईने पुढचा शब्द पुरवतो, नाहीतर मोबाईल बघतो. शब्द पुरवण्यात मी तर सगळ्यांच्या पुढे! इथे कोणी काही पुरवलं नाही. पंखे फिरत होते, बाळ कुरकुरत होतं, आणि पाळक असे उभे होते की जणू त्यांना दिवसभर दुसरं काही कामच नाही. मीही ओठांवर आलेला शब्द गिळला.

"मी... बरा आहे. बोलतो. हळू... बोलतो. माझं नाव आता... पुरे." मग त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "आता... हिचं घ्या. हिचे... गुडघे."

हॉल हसला. सुधीरही हसला, गणपतीत विनोद जमल्यावर हसायचा तसा. मी हसत होते की रडत होते ते माझं मलाच कळेना. पाळकांनी तिथल्या तिथे माझ्या गुडघ्यांसाठी प्रार्थना केली. मी संकष्टी करणारी बाई... पण बाप्पा काही मनाला लावून घेणार नाही.

जेवण झकास होतं. निघताना तो बोर्ड पुन्हा वाचला. अडकलेल्या माणसासाठी थांबायचं, हे त्यावर कुठे लिहिलेलं नव्हतं. प्रेमातच धरलं असेल त्यांनी.

गुडघे अजून दुखतायत. परवाच्या रविवारी दुपारी मी पोळ्या लाटत होते आणि फोन वाजला. पिठाचे हात धुवून बाहेर येईपर्यंत फोन सुधीरच्या कानाला लागलेला होता. चर्चमधून आलेल्या साळवे मावशी फोनवर माझी चौकशी करत होत्या.

"अजून... दुखतात," तो म्हणाला. मग बराच वेळ थांबून, "चालू... ठेवा."

मी दारातच उभी राहिले, मध्ये बोलले नाही. मावशी, तुम्हाला आणि तुमच्या सगळ्या मंडळींना मनापासून थँक यू... आणि हो, माझे गुडघे बरे व्हायची मला अजिबात घाई नाही.