बेचाळीस नंबरची बाटली

चित्रा निंबाळकर खोटं बोलत नसे. आमटी खारट झाली तर पाहुण्यांच्या देखत तीच आधी सांगायची. साताऱ्याहून चंडीगढजवळच्या चंडीमंदिर छावणीतल्या क्वार्टरमध्ये आल्यावर बाकीच्या ऑफिसरांच्या बायका या गुणामुळे तिला चार हात लांब ठेवत. तिचा नवरा, मेजर जयंत, म्हणायचा, "हिला पार्टीला नेण्यापेक्षा सीमेवर जाणं सोपं."

वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली बाई घरात किती दिवस स्वेटर विणणार? तिने चंडीगढच्या एका प्रयोगशाळेत नोकरी धरली. काम घाणेरीचं. लहानपणी साताऱ्याच्या डोंगरावर हिची काळी फळं खाऊन जीभ रंगवलेली, तेच हे झुडूप. कुणा परदेशी साहेबाने बागेच्या शोभेसाठी आणलं, आणि आता ते इथल्या टेकड्याच्या टेकड्या गिळत होतं. वरून सगळी घाणेरी सारखीच. पण पेशीत डोकावलं की कुणात बावीस गुणसूत्रं, कुणात तेहतीस, कुणात चव्वेचाळीस. यातली नेमकी कुठली जात जमीन खात सुटलीय, हे शोधायचं होतं.

कळ्या आणायचा बलकार सिंग. रोपडकडचा, सव्वीस वर्षांचा, हसरा. गावोगाव फिरून सकाळच्या उन्हात न उमललेल्या कळ्या तोडायच्या आणि लगेच स्पिरिट-ॲसिडच्या बाटलीत टाकायच्या, म्हणजे पेशी आहेत त्या अवस्थेत थांबतात. बाटलीवर फक्त नंबर. कुठला नंबर कुठल्या गावचा, ते त्याच्या खिशातल्या वहीत, गुरुमुखीत. चित्राचा नियम कडक होता. गाव कळलं की डोळ्यांना हवं तेच दिसायला लागतं. म्हणून मोजणी संपेपर्यंत तिला काही सांगायचं नाही.

"मॅडमजी, चाय में चीनी कितनी है, वो भी ना बताऊँ?" तो चिडवायचा.

अठ्ठ्याऐंशी साल होतं, पंजाबात दहशतवादाचे दिवस. रस्त्यारस्त्यावर नाके, अंधार पडायच्या आत बसगाड्या बंद. तशात एक तरुण शीख, पाठीवर पिशवी, पिशवीत ॲसिडचा वास मारणाऱ्या बाटल्या आणि खिशात नंबरांपुढे गावांची नावं. यातला धोका शाळकरी पोरालाही कळला असता. चित्राला कळला नाही. तिचं सगळं लक्ष सूक्ष्मदर्शकाखाली.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी प्रयोगशाळेत फोन वाजला. रोपडकडच्या एका पोलीस चौकीतून होता.

"बलकार सिंह आपका आदमी है?"

"जी, हमारा ही है."

"शीशियों में क्या है?"

तिने स्पिरिट, ॲसिड, कळ्या, सगळं नीट समजावलं. पलीकडचा आवाज थोडा निवळला.

"कॉपी में नंबर हैं, पिंडों के, गाँवों के नाम हैं. कहता है, मॅडम का काम है. बयालीस नंबर कौन सा पिंड है?"

"मुझे नहीं मालूम."

"आपको नहीं मालूम?"

"जी नहीं. वो मुझे बताता ही नहीं."

मीच मना केलंय, हे ती पुढे सांगणारच होती. तेवढ्यात लाइन तुटली. आणि खरं सांगायचं तर आपण अगदी चोख उत्तर दिलं, असंच तिला वाटलं. काचपट्टी वाळत होती, म्हणून ती परत मोजायला बसली.

संध्याकाळी जयंतला सांगितलं तेव्हा त्याच्या हातातला कप तसाच राहिला.

"तू काय म्हणालीस?"

तिने पुन्हा सांगितलं.

"अगं, म्हणजे तो तुझ्यापासूनही लपवतो, असंच त्यांना वाटलं असणार! नंबर मीच लावलेत, एवढं म्हणायचंस!"

"पण ते खोटं झालं असतं."

"हो! झालं असतं!" आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्यावर ओरडला.

तेव्हा कुठे तिला कळलं, आणि ती फोनकडे धावली. त्या रात्री फोन लागला नाही. सकाळी दोघं चौकीवर गेली. हवालदार चहा पीत होता. म्हणाला, "उसे तो कल शाम ही छोड़ दिया."

बलकार घरी पोचला नव्हता. पुढेही कधी पोचला नाही.

फेब्रुवारीत त्याचे वडील प्रयोगशाळेत आले. चौकीने पिशवी ठेवून घेतली होती, वही तेवढी परत दिली होती. "पुत्तराने जपून ठेवली होती, तुमच्या कामाची असेल," असं म्हणत त्यांनी ती दोन्ही हातांनी पुढे केली. चित्राला गुरुमुखी येत नव्हती. कचेरीतल्या सरोजने वाचून दाखवलं. पहिल्याच पानावर लिहिलं होतं: मॅडमजींचा हुकूम, नंबराचं गाव मॅडमजींना सांगायचं नाही. खाली दोन रेघा मारलेल्या. आणि बेचाळीसपुढे: आपलं गाव, घरामागची भिंत.

चित्राला ओरडावं, म्हाताऱ्याचे पाय धरावेत, असं वाटलं. ती खुर्चीत बसून राहिली.

म्हातारबांनी पागोट्याच्या टोकाने डोळे पुसले. मग हळूच विचारलं, पोलिसांचा तुम्हाला फोन आला होता म्हणे. काय सांगितलंत त्यांना?

सरोज वही मिटून तिच्याकडे पाहत होती.

"सांगितलं," चित्रा म्हणाली. "सगळे नंबर मीच दिलेत, म्हणून सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही."

म्हातारबा उठले. तिच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी लेकीला द्यावा तसा आशीर्वाद दिला, "जिऊंदी रह, धीए." आणि अंधार पडायच्या आतली बस गाठायला निघाले.