आमच्या विहिरीमागचा पाइप

गोसीखुर्दच्या धरणाखाली आमचं गाव गेलं आणि आम्ही नव्या गावठाणात आलो. तिथल्या बोअरवेलला खारं पाणी. डाळ शिजायची नाही, चहातलं दूध फाटायचं. बाबांनी परसात खोदलेल्या उथळ विहिरीचं पाणी तेवढं पिण्यासारखं निघालं. बाबा गेल्यावरही आईने ती कुणाला बंद केली नाही. आळीतल्या बाया तिथूनच घागरी भरायच्या, आणि एखादीचे हात दुखत असले तर आई स्वतः दोर ओढून द्यायची.

मग आमच्या भिंतीपलीकडे पंचायतीचं आरओचं मशीन बसलं. बोअरचं पाणी जोर लावून पातळ पडद्यातून ढकलायचं. गोड पाणी पार होतं, क्षार मागे राहतात. त्या मागे राहिलेल्या पाण्याचं काय, असं मी बसवणाऱ्याला विचारलं. ते बाहेर जातं, म्हणाला. बाहेर म्हणजे आमच्या विहिरीमागचा खड्डा, हे पाइप टाकल्यावर कळलं.

पुढच्या उन्हाळ्यात परसातल्या वांग्याच्या पानांच्या कडा करपल्या. मग विहिरीचं पाणीही जिभेला खारट लागू लागलं. आई पंचायतीत गेली. पाहू, म्हणाले. पुन्हा गेली, तेव्हा एका विहिरीसाठी गावाचं पाणी तोडायचं काय, असं तिलाच विचारलं. पाइप नाल्यापर्यंत न्या, एवढंच तिचं म्हणणं होतं. गावात मात्र बोभाटा झाला की ही बाई मशीन बंद पाडते.

रोज सकाळी आमच्याकडे पाण्याला येणारी शेजारची काकू कुंपणाशी आली.

"आमाले आता कुठं मशीनचं गोड पाणी भेटून राह्यलं," ती म्हणाली. "तू कायले आडवी येऊन राह्यली?"

"मंग एवढी वर्षं माह्या विहिरीचं काय खारं पेत होती तू?" आईने विचारलं.

काकू परत गेली. तेव्हापासून तिने आमच्या दारात पाय ठेवलेला नाही.

पाइप अजून तिथेच आहे. विहिरीच्या पाण्याने आम्ही भांडी घासतो, त्यांवर पांढरे डाग राहतात. लाखांदूरहून पाण्याचा जार आणतो म्हटलं तर आई नको म्हणाली. ती आता कॅन घेऊन त्याच मशीनवर रांगेत उभी राहते. बाया एकमेकींशी बोलतात, तिच्याशी नाही. परवा तिच्या हातून कॅन घेताना मी विचारलं, पाणी कसं आहे.

"गोड आहे," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.