पोटावरचे चट्टे

जळगाव स्टेशनवर मला सोडायला भाऊ आले होते, आणि पाचोऱ्याजवळच्या खेड्यातून अक्का. भाऊ म्हणजे माझे वडील, धुळ्याला देवपुरात शाळामास्तर. अक्का त्यांची थोरली बहीण. लग्न होऊन मी नवऱ्याकडे इंग्लंडला निघाले होते. भाऊ बॅगांची कुलपं पुन्हापुन्हा ओढून बघत होते. अक्काने खिडकीतून माझं मनगट धरलं.

"तठे तुनं कोनी नही शे. पोट दुखनं ते दपाडू नको वं."

लपवू नकोस, एवढंच तिला सांगायचं होतं. पण तिने माझ्या पोटाचं नाव काढलं की माझ्या अंगावर काटा यायचा. लहानपणी सुटीत तिच्याकडे असताना माझं पोट फुगलं, तेव्हा हिनेच विळ्याचं टोक चुलीत लाल करून नाभीभोवती डाग दिले होते. त्या कातडीचा वास मला अजून येतो. भाऊ कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत, आणि मला मात्र त्यांनी बजावलं, "कोणी विचारलं तर गरम पाणी सांडलं म्हणायचं." नन्सच्या इंग्रजी शाळेत मी तेच सांगत मोठी झाले.

लीड्सच्या पहिल्याच हिवाळ्यात उजव्या कुशीत दुखू लागलं. मी ते अंगावर काढलं. उभं राहवेना तेव्हा नवऱ्याने हॉस्पिटलात नेलं. त्याला बाहेर बसवलं. मला मागून उघडा असलेला कागदी गाऊन दिला.

डॉक्टरांनी गाऊन वर सरकवला आणि ते थांबले. दाराशी जाऊन विद्यार्थ्यांना बोलावून आणलं. सगळे माझ्या पोटावर वाकले. एकाच्या तोंडाला पेपरमिंटचा वास होता, आणि त्याखाली सिगारेटचा. डॉक्टरांचं गार बोट एका चट्ट्यावरून दुसऱ्यावर फिरत होतं. मग एकेक शब्द सुटा करून, बहिऱ्याशी बोलावं तसं त्यांनी विचारलं, "तुमच्या, गावात, डॉक्टर, असतात?"

असतात. देवपुरातले आमचे डॉक्टर भरल्या दवाखान्यात मोठ्याने पाळीची तारीख विचारायचे, तीही भाऊंना. तिथेही मला शिसारीच यायची. पण त्यांनी मला बघायला माणसं गोळा केली नव्हती.

"हॉट वॉटर," मी म्हणाले. डॉक्टर विद्यार्थ्यांकडे बघून हसले आणि नर्सला कॅमेरा आणायला सांगितलं. कुठे दुखतंय हे अजून कोणी विचारलंच नव्हतं.

मी गाऊन खाली ओढला. "नो फोटोग्राफ," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. शाळेत सिस्टरनी घोटून घेतलेल्या इंग्रजीत मी सांगितलं, की हे माझ्या आत्याने केलंय, विळ्याने. मी मरेन अशी तिला भीती वाटली होती. तिथे आता दुखत नाही. दुखतंय ते इथे, आणि ते तुम्ही अजून बघितलेलं नाही.

पेपरमिंटवाला मागे सरकला. डॉक्टरांनी मी दाखवलं तिथे दाबून हात सोडला, आणि मी किंचाळले. त्याच संध्याकाळी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी फक्त टाके बघून गेले.

घरी आल्यावर देवपुरात शेजाऱ्यांकडे फोन लावला. अक्का तिथेच आलेली होती. भाऊ "सांभाळून राहा, कोणाला काही सांगत बसू नको" म्हणत होते, तेवढ्यात तिने त्यांच्या हातून फोन घेतला.

"पोट कापं का तुनं?"

"हो अक्का."

"मंग तेस्नी बी डाग दिनाच ना," ती म्हणाली. "वल्ला शे का आजून?"

त्यांनीही डागच दिला, आणि तो अजून ओला आहे का, असं ती विचारत होती. विळ्याची किळस मला आजही येते. पण टाके कुठे ओढतात, कपडा कुठे घासतो, हे सगळं मी तिला फोनवर सांगत बसले. नवरा घड्याळाकडे बोट दाखवत राहिला, तरीही.